दातांना तारा लावायच्यात: मेटल, सिरॅमिक की अलाइनर? (वय ३६, दिवसभर बोलायचं काम)

सातवीच्या बाई

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (वय १०) दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तिचे वरचे दात पुढे येतायत म्हणून. तिचं तपासून झालं आणि डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, खरं काम तुमच्या तोंडात आहे." आता इतकं तोंडावर सांगितल्यावर खुर्चीत बसावंच लागलं.

माझी परिस्थिती अशी. वरचा डावा सुळा लहानपणापासून हिरडीत उंच, शेजारच्या दातावर चढून बसलेला. माहेरी सगळे म्हणायचे, हसली की गोड दिसते, म्हणून कुणी काही केलं नाही. त्याचं मला आजही फार वाटत नाही. त्रास आहे तो खाली. खालचे पटाशीचे चार दात एकमेकांत असे घुसलेत की मधे ब्रश जातच नाही. दरवर्षी दात साफ करून घेते, सहा महिन्यांत पुन्हा किटण. आता ब्रश करताना रक्त येतं. तेव्हा 'या वयात काय नटायचंय' असं कुणी लिहिणार असेल तर आधीच सांगते, नटण्यासाठी नाही. (थोडंसं नटण्यासाठीही आहे.)

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे आकडे लिहून दिले. मेटल ३५ हजार, सिरॅमिक ५० हजार, सेल्फ लायगेटिंग ५५ हजार, 'याने लवकर होतं' असं म्हणाले, आणि अलाइनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायची काढता-घालता येणारी पारदर्शक प्लास्टिकची खोळ, १ लाख ४० हजार. हप्ते चालतील. पण हे काम ते स्वतः करत नाहीत. तारांचे स्पेशालिस्ट डॉक्टर कराडहून महिन्यातून दोन शनिवार येतात, ते करतात.

आता माझ्या शंका. मी रोज सहा-सात तास बोलते. मराठी शिकवते, म्हणजे शुद्धलेखन सांगताना 'श', 'ष', 'स' वेगळे ऐकू यायला हवेत. सारखा चहा होतो. घरी हळदीशिवाय भाजी नाही. आणि मुलं काय म्हणतील याची काळजी नाही म्हटलं तर खोटं होईल. सातवीचा वर्ग नावं ठेवण्यात पटाईत. आमच्या एका सरांच्या टकलाला त्यांनी काय नाव दिलंय ते इथे लिहीत नाही.

ज्यांनी मोठेपणी तारा लावल्यात त्यांनी सांगा. गूगलवरचे 'फायदे-तोटे' वाचून झालेत, ते नकोत.

पेठकरीण

बाई, मी चाळिशीत सिरॅमिक लावले, वर्ष होऊन गेलं. हळदीचं सांगते, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सिरॅमिकचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला प्रत्येक दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा, पिवळा होत नाही. पिवळं होतं ते त्याच्यावरचं इवलंसं रबर, तार ब्रॅकेटमध्ये धरून ठेवणारं. पारदर्शक रबर घेतलं की पहिल्याच वरणभाताला ते झेंडूच्या रंगाचं होतं. मग पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, वीस पिवळे ठिपके घेऊन फिरायचं. पंधरा हजार जास्त मोजले ते दिसू नये म्हणून, आणि दिसतं ते हे. माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळेपासून फिकट राखाडी रबरं लावली. पांढऱ्यापेक्षा ती बरी, डाग लपतो. बारीक स्टीलच्या तारेनेही बांधता येतं, त्याला डागच पडत नाही, पण ती थोडी चमकते आणि एखादं टोक गालाला टोचतं.

दुसरं, पांढरा मुलामा दिलेली तार मिळते. घेऊ नका असं माझं मत. घास चावताना मुलामा सोलतो, आणि अर्धी पांढरी अर्धी चंदेरी तार सरळ चंदेरीपेक्षा वाईट दिसते.

माझ्या खालच्या दातांना डॉक्टरांनी सिरॅमिक लावायला नकार दिला. माझे वरचे दात खालच्यांवर बरेच झाकून येतात. सिरॅमिक दाताच्या आवरणापेक्षा कडक असतं, वरचा दात त्याच्यावर घासला तर दात झिजतो, ब्रॅकेट नाही. म्हणून वर सिरॅमिक, खाली मेटल. खालचे तसेही बोलताना फारसे दिसत नाहीत आणि बिलही कमी झालं. तुम्हीही हे विचारून बघा.

मुलांचं म्हणाल तर माझ्या भाच्याच्या वर्गात अर्ध्या पोरांना तारा आहेत. निळी-हिरवी रबरं मागून घेतात. तुमच्याकडे कदाचित एवढं नसेल.

निवृत्त आप्पा

बाई, नमस्कार. वय वर्षे ७१, बत्तीसपैकी एकोणतीस शाबूत. आमच्या वेळी दातावर दात असणे भाग्याचे समजत. आपण म्हणता हिरड्यांसाठी, ते मान्य. परंतु तारा लावण्याआधी चांगले दात उपटतात असे ऐकतो, त्याची चौकशी करा. वरचा दात, विशेषतः सुळा, काढला की नजर अधू होते असे आमच्या मातोश्री सांगत. त्या सुईत दोरा ओवण्याचे काम नव्वदीपर्यंत करीत होत्या.

सातवीच्या बाई

आप्पा, सुळ्याच्या बाबतीत माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या. दात काढण्याचं मलाही धस्स झालंय. कराडचे डॉक्टर अजून भेटायचेत, पण इथल्या डॉक्टरांनी 'बहुतेक दोन तरी काढावे लागतील' असं म्हटलंय. किडलेला नसलेला दात काढायचा, हे पटत नाही.

पेठकरीण, हळदीचं वाचून हसले आणि लगेच चिंतेत पडले. आमच्याकडे तर आमटी.

बॅगवाला

मी औषध कंपनीत एमआर आहे, संभाजीनगर भागात. दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहायचं आणि आत गेलं की दोन मिनिटांत बोलायचं. तोंडात तारा नकोत म्हणून अलाइनर घेतले. माझं काम सोपं होतं, पुढच्या दातांत फटी होत्या, त्या बंद करायच्या.

बाई, तुम्ही चहाचं लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगतो. अलाइनर दिवसातून २०-२२ तास तोंडात हवेत. म्हणजे खाणं, पिणं, ब्रश सगळं मिळून दोन ते चार तास. तोंडात ठेवून फक्त साधं पाणी. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि रंगही धरतो. आता हिशोब करा. सकाळचा चहा, नाश्ता, दहाचा चहा, जेवण, चारचा चहा, कुणी आलं म्हणून चहा, रात्रीचं जेवण. प्रत्येक वेळी काढायचे, डबीत ठेवायचे, चूळ भरायची, जमलं तर ब्रश, मग पुन्हा घालायचे. मी दोनच चहावर आलो. गिऱ्हाइकाकडे 'नको, आत्ताच झाला' म्हणायची सवय झाली. वजन थोडं उतरलं, हा फुकटचा फायदा.

डबीचं महत्त्व कमी समजू नका. आमच्या ऑफिसातल्या एकाने लग्नात जेवताना अलाइनर कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. वाढपी आले, ताटं गेली, नॅपकिन गेला. बिचारा नवऱ्या मुलीच्या मामासकट मांडवामागच्या पिंपात हात घालून बसला होता. मिळाले नाहीत.

आणि 'अदृश्य' वगैरे जाहिरातीत. प्रत्यक्षात काही दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, अटॅचमेंट म्हणतात, त्यांच्याशिवाय प्लास्टिकला दात धरता येत नाही. जवळून दिसतात. पहिले काही दिवस 'स' जरा चिकट यायचा, मग जीभ सरावली. तुमचं 'श-ष-स' कुठल्याही प्रकारात आठवडाभरात जागेवर येईल असं वाटतं. दातांच्या आतल्या बाजूने लावायचे लिंग्वल ब्रेसेस मात्र बोलण्याचं काम करणाऱ्यांनी दहादा विचार करून घ्यावेत. माझ्या एका डॉक्टर क्लायंटने लावले होते, त्याच्या जिभेला फोड आले आणि बरेच दिवस तो पेशंटशी मोजकंच बोलायचा.

दंतमंजन

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचा स्पेशालिस्ट आहे. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस याच विषयात केलं, आता प्रॅक्टिस करतो. इथे कुणाचं निदान करत नाही, न बघता करूही नये. पण बाईंच्या यादीत एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो.

तुम्ही चारही पर्याय वस्तू म्हणून बघताय. ब्रॅकेट मेटलचा की सिरॅमिकचा, याने दात हलत नाही. ब्रॅकेट म्हणजे नुसती मूठ, हलवते ती तार. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची बारीक तार घालतात. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत हा मिश्रधातू सापडला आणि १९७०च्या दशकात आमच्या कामात आला. ती वाकवली तरी पुन्हा मूळच्या कमानीत येऊ बघते आणि येताना दाताला हळूहळू सोबत आणते. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ओढल्या बाजूला नवं भरतं. म्हणून घाई चालत नाही. मोकळ्या जागेतून दात सरकवायचा तर साधारण महिन्याला एक मिलिमीटर. जास्त जोर लावला तर दात वेगाने सरकत नाही, उलट अडतो, आणि मुळाला इजा होऊ शकते.

यावरून 'सेल्फ लायगेटिंगने लवकर होतं' या वाक्याकडे या. त्यात रबराऐवजी ब्रॅकेटलाच झडप असते. खुर्चीतला वेळ थोडा वाचतो, रबर नसल्यामुळे हळदीचा प्रश्नही मिटतो. पण एकूण उपचार लवकर संपतो असं त्यावरच्या तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. वीस हजार जास्त द्यायचे तर झडपेसाठी द्या, लवकर होईल म्हणून देऊ नका.

आप्पा, सुळा काढल्याने नजर जात नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. मातोश्रींचे डोळे उत्तमच असणार. पण सुळा काढू नये या निष्कर्षाशी मी सहमत आहे, कारण दुसरं. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, जबड्याचा तो कोपरा त्याच्यावर उभा असतो. वर चढलेला सुळा त्रास देतो म्हणून काही ठिकाणी तोच उपटून टाकतात. बाई, असं कुणी सुचवलं तर उठून या. जागा करायचीच झाली तर सहसा त्याच्या मागची पहिली उपदाढ काढतात आणि सुळा खाली त्या जागेकडे आणतात.

आणि काढायचीच का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दातांची रुंदी किती आणि कमानीत जागा किती, याचं साधं मोजमाप असतं. दोन-चार मिलिमीटर कमी पडत असतील तर दातांच्या बाजूचं आवरण अगदी किंचित घासूनही जागा निघते. आठ-दहा कमी असतील तर दात काढावे लागण्याची शक्यता वाढते. नाहीतर सगळे दात ओळीत येतात पण ओठांसकट पुढे येतात, आणि हिरड्या आधीच नाजूक असतील तर मुळं हाडाच्या कडेला जातात. हे ठरवायला तोंडात डोकावणं पुरत नाही. ओपीजी हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, सेफॅलोग्राम हा बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो हवेत. हे न करता कुणी दर सांगत असेल तर तो अंदाज समजा.

तुमचा वर चढलेला सुळा आणि खालची दाटी अलाइनरने होईल का? कदाचित. पण अलाइनरला अवघड जातात त्या हालचाली नेमक्या याच: दात हिरडीतून खाली ओढणं, गोल बुंध्याचा दात फिरवणं, आणि दात काढल्यावरची मोठी फट मूळ सरळ ठेवून बंद करणं. बॅगवाला यांचं काम अलाइनरला आवडतं तसं होतं. अलाइनर घ्यायचेच तर विचारा की ठरलेला संच संपल्यावर दात जागेवर आले नाहीत तर पुढचा संच याच पैशात आहे का. पहिल्या संचात सगळं झालं असे पेशंट मी कमी पाहिलेत. घरी पार्सल येणाऱ्या, डॉक्टर न बघणाऱ्या अलाइनरच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही त्या धंद्यातली बडी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि लोक अर्ध्या उपचारात अडकले.

सगळ्यात आधी मात्र हिरड्या. रक्त येतंय तोवर कुठलीही तार बसवू नये. हिरड्यांखालची सफाई, दोन-तीन महिने नीट ब्रश, रक्त थांबलं की पुढे. सूज असलेल्या हिरडीत दात ओढला तर आधाराचं हाड झपाट्याने जातं. छत्तीस हे वय अडचण नाही, हिरडी आहे.

आर्टिफिशियल दागिन्यांनी कानाला, गळ्याला खाज येते का तुम्हाला? येत असेल तर आधी सांगा, तारेत निकेल असतं.

सातवीच्या बाई

दंतमंजन सर, तुम्ही म्हणता ते कुणीच बोललं नव्हतं. एक्स-रे झालेले नाहीत, दर आधी सांगितले. खाज नाही येत. खोटे कानातले पंचमीच्या खेळापासून घालतेय.

आता माझा अडकलेला मुद्दा. ते डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार येतात. सोमवारी ब्रॅकेट निघाला तर? कराडला जायचं तर एसटीने पाऊण-एक तास, शाळा सुटल्यावर निघाले तर दवाखाना बंद व्हायच्या बेताला पोचते. पावसाळ्यात तर विचारूच नका. यासाठी अलाइनर बरे का, दोन-तीन महिन्यांचे संच एकदम मिळतात म्हणे?

आणि लेकीचं काय? तिला आता लावायचं की माझ्यासारखं छत्तिशीपर्यंत थांबायचं!

कल्याण स्लो

माझ्या मुलाला मेटल लावल्यात, दीड वर्ष झालं. ब्रॅकेट निघण्याचं मी सांगतो, आमच्याकडे त्याचा अनुभव दांडगा आहे. भुट्टा, चिक्की, कडक पेरू आणि एकदा आजीची कडबोळी. निघालेला ब्रॅकेट बहुतेक वेळा तारेवर अडकून राहतो, गळून पडत नाही. चार-आठ दिवस थांबलं तर आकाश कोसळत नाही, टोचत असेल तर दवाखान्यातून मिळणारं मेण त्याच्यावर दाबून बसवायचं. मागच्या दाढेपाशी तार बाहेर आली की मात्र गाल सोलतो. ते टोक कापायला स्पेशालिस्ट लागत नाही, जवळचे डॉक्टर कापतात. फक्त ते कापतील का हे आधीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आमच्याकडे एकदा 'ज्यांनी लावलं त्यांच्याकडेच जा' असं ऐकून पोरगं रात्रभर कण्हत होतं.

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीला. तिथे एमडीएसचे विद्यार्थी त्यांच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. वेळ जातो, एका भेटीला अर्धा दिवस धरा, आणि तुमचा विद्यार्थी डॉक्टर मधेच पास होऊन गेला तर दुसरा येतो. बाईंच्या जवळचं नाही यातलं काही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना उपयोगी पडेल. कराडलाही डेंटल कॉलेज आहे, खासगी, तिथे विचारून पाहायला हरकत नाही.

दंतमंजन

कल्याण स्लो यांनी बरोबर सांगितलं. बाई, दोन शनिवार येणारा डॉक्टर वाईट नसतो. आमच्यातले कितीतरी जण तालुक्याच्या गावी असेच जातात, मीही गेलोय. तारांची तपासणी तशीही चार-सहा आठवड्यांनी असते. प्रश्न एवढाच की दीड-दोन वर्षं तोच माणूस येणार का, आणि तो यायचा बंद झाला तर तुमचे साचे, एक्स-रे, नोंदी कुणाकडे राहणार. शक्य असेल तर त्यांच्या कराडच्याच दवाखान्यात नाव घाला आणि सोयीच्या शनिवारी पाटणला दाखवा. असं करायला ते सहसा तयार होतात.

अलाइनरचे संच एकदम मिळतात हे खरं. पण दोन-तीन महिने कुणी पाहिलं नाही आणि मधल्याच संचात एक दात मागे राहिला, तर पुढचे सगळे संच त्या दातावर नीट बसत नाहीत. तुमच्या सुळ्याच्या बाबतीत मला हीच धास्ती वाटेल.

पैसे ठरवताना हे मिटवून घ्या: तो आकडा सगळा मिळून की प्रत्येक भेटीचे वेगळे, निघालेला ब्रॅकेट बसवायचे पैसे, दात काढण्याचे पैसे, आणि शेवटचे रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी साधनं, त्यात आहेत का. रिटेनरबद्दल लोक विचारत नाहीत. तारा काढल्या की दात जुन्या जागेकडे परत निघतात, खालचे पटाशीचे सगळ्यात आधी. तुमच्या खालच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवावी लागेल, आणि वर रात्री घालायचा रिटेनर. किती दिवस? जोवर दात सरळ हवेत तोवर.

लेकीचं: दहाव्या वर्षी वरचे दात पुढे दिसतात तेव्हा खरोखर दात पुढे आहेत की खालचा जबडा मागे आहे, हे आधी बघायचं. जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात, मुलींमध्ये साधारण पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, काढता-घालता येणारी उपकरणं लावून उपयोग होतो. वाढ थांबल्यावर ती संधी जाते, मग फक्त दातांची जुळवाजुळव किंवा ऑपरेशन उरतं. उद्याच लावा असं नाही, पण दाखवायला उशीर करू नका. अंगठा चोखते का, तोंडाने श्वास घेते का, तेही बघा.

पेठकरीण

रिटेनरला दहा अनुमोदनं. माझ्या बहिणीचे दात दुसऱ्यांदा सरळ करतायत.

निवृत्त आप्पा

डॉक्टरसाहेब, नजरेबाबत आपला खुलासा वाचला. सौ. ला वाचून दाखवला. तिचा विश्वास बसलेला नाही.

सातवीच्या बाई

सगळ्यांचे आभार. थोडं लांबलं, पण काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी हिरड्यांची सफाई केली, दोन वेळा. दोन दातांमध्ये घालायचा बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक चिमुकला ब्रश दिला, तो खालच्या दातांत जिथे शिरतो तिथे रोज. नाताळच्या सुमारास रक्त थांबलं. मग कराडला जाऊन दोन्ही एक्स-रे आणि साचे. डॉक्टर म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी, पण साचा हातात देऊन पट्टीने मोजून दाखवलं. वर सहा मिलिमीटर कमी, खाली पाच. वरच्या दोन उपदाढा काढायच्या, खाली घासून जागा करायची. सुळ्याला हात लावणार नाही हे मी विचारायच्या आत म्हणाली. आपणहून तिने सेल्फ लायगेटिंगचं नावही काढलं नाही. मी काढलं, तर 'तुम्हाला गरज नाही' म्हणाली. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

वर पुढच्या सहा दातांना सिरॅमिक, बाकी सगळीकडे मेटल. एकूण ४२ हजार, रिटेनर धरून, दहा हप्ते, चिठ्ठीवर लिहून घेतलं. रबरं राखाडी सांगितलीत, पेठकरीण यांच्या कृपेने. नाव कराडला, तपासणी पाटणला शनिवारी. इथल्या डॉक्टरांकडून टोक कापून द्यायचं कबूल करून घेतलं, कल्याण स्लो. ते जरा रागावले, 'म्हणजे काय मॅडम, कापणारच की' म्हणाले. असू दे.

अलाइनर सोडले त्याला पैसा हे कारण आहेच, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तोंडातून काहीतरी काढून डबीत ठेवणं मला जमणार नव्हतं. बॅगवाला, तुमची पिंपाची गोष्ट मी तिथेच वाचून दाखवली.

लेकीचा खालचा जबडा खरोखरच थोडा मागे आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघणार, तेव्हा उपकरणाचं ठरेल. ती खूश नाही.

उपदाढा काढून झाल्या, वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. काल मागच्या दाढांच्या मधे निळी रबरं घातलीत, पुढच्या शनिवारी तिथे कड्या बसवायच्यात म्हणून. आज पोळी चावत नाहीये, मऊ भात आणि ताक चाललंय. घरात नवऱ्याच्या पाठीसाठी आणलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या आहेत. घेऊ का? उद्या सातवीची चाचणी आहे आणि मला दोन तास सूचना द्यायच्यात.

दंतमंजन

एकदम सहा महिन्यांचा गृहपाठ पूर्ण केलात! सेपरेटर आहेत ते, दाढेभोवती कडी सरकायला जागा करतात. पहिला एक दिवस सगळ्यात जास्त दुखतं, मग उतरतं. आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन ज्या रसायनाला अडवतं तेच दात सरकायला लागतं, म्हणून आम्ही ते टाळतो. लिव्हरचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. एखादं रबर जेवताना निसटलं, गिळलं गेलं तरी घाबरू नका, पण कळवा. पुढच्या शनिवारच्या आधी निसटलं तर पुन्हा घालावं लागेल, नाहीतर कडी बसणार नाही. त्या बाजूने दोरा किंवा काडी अजिबात घालू नका.